हात हलण्याआधी मेंदूत काय हलतं? गाळून टाकलेल्या लहरींची गोष्ट

तुमच्यापैकी ज्यांच्या घरात कुणाला फिट येते, त्यांना ई.ई.जी. ही तपासणी माहीत असेल. आपल्याकडचे लोक त्यासाठी बहुधा सोलापूरला किंवा लातूरला जातात. डोक्याला तेल न लावता केस धुवून यायला सांगतात, टाळूवर चिकट जेल लावून वीसेक तारा चिकटवतात आणि मग तंत्रज्ञ सूचना देतो: डोळे मिटा, अंग सैल सोडा, मोबाइल बाहेर ठेवा, दात आवळू नका. दात का आवळायचे नाहीत, हे सहसा कुणी विचारत नाही.

कारण साधं आहे. दात आवळले की जबड्याचे आणि कानशिलाचे स्नायू आखडतात. आखडलेल्या स्नायूतून वीज निघते आणि ती मेंदूच्या विजेपेक्षा कितीतरी जोरदार असते. कागदावर नुसती दाट काळी रेघोटी उमटते आणि तिच्याखाली मेंदूच्या लहरी बुडून जातात. म्हणून अशा जलद लहरी गाळून टाकण्याची सोय यंत्रातच केलेली असते. सेकंदाला साधारण ७० हेलकाव्यांच्या वरचं जे काही येईल ते कचरा, असं आमची पिढी शिकली.

पण त्या गाळून टाकलेल्या भागात मेंदूचीही एक खूण होती. हात कुठे हलवायचा, कोणतं बोट उचलायचं, याचा हुकूम मेंदूतून निघतो तेव्हा नेमक्या तिथे अशा जलद लहरी उसळतात. हे कळायला ई.ई.जी.च्या शोधानंतर जवळजवळ सत्तर वर्षं गेली.

तुम्ही म्हणाल, याचा आपल्याशी काय संबंध? संबंध आहे. अंगावरून वारं गेलेल्या किंवा मणका मोडलेल्या रुग्णांचा एक प्रश्न मी वर्षानुवर्षं ऐकतो आहे: "साहेब, डोस्कं तर चांगलं हाय, मग पाय का ऐकंना?" आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न जुना आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाची रात्र सरत असताना, भूकंप झाला आणि किल्लारी, सास्तूर, उमरगा या पट्ट्यातली दगडमातीची घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. मेलेल्यांची गणती झाली. मणक्याला मार बसून कायमची अंथरुणाला खिळलेली माणसं मात्र लोकांच्या आठवणीतून लवकर गेली.

त्यांचा प्रश्न शास्त्राच्या दृष्टीने अगदी बिनचूक आहे. मणका मोडतो तेव्हा मेंदूला काहीही झालेलं नसतं. विहिरीवरची मोटार चांगली आहे, विहिरीत पाणी आहे, पण मधला पाइप फुटला आहे, अशी ती अवस्था. मेंदू हुकूम देतो, तो मज्जारज्जूत अडकतो आणि पायापर्यंत पोचत नाही. मग तो हुकूम वरच्या वर, मेंदूवरच पकडता आला तर?

आधी हुकूम कुठून निघतो ते पाहू. एका कानापासून टाळूवरून दुसऱ्या कानापर्यंत हेअरबँड घातला आहे अशी कल्पना करा. साधारण त्याखाली मेंदूची एक पट्टी असते आणि शरीराच्या हालचाली तिच्या ताब्यात असतात. उजवी पट्टी डावं अंग चालवते आणि डावी पट्टी उजवं. चेहरा खाली कानाकडे, हात मध्ये, आणि पाय पार वर, मेंदूच्या दोन अर्धगोलांमधल्या फटीत. हाताला, विशेषतः अंगठ्याला, या पट्टीत मोठी जागा आहे. सुईत दोरा ओवणारा अवयव तो, त्याला जागा जास्त लागणारच.

आता इतिहास. मेंदूत वीज असते हे इंग्लंडमधल्या लिव्हरपूलच्या रिचर्ड केटन या डॉक्टरांनी १८७५ मध्ये ससे आणि माकडांवर प्रयोग करून सांगितलं होतं. माणसाच्या मेंदूची वीज पहिल्यांदा टिपली ती हान्स बर्गर या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने, १९२४ मध्ये, येना या गावात. बर्गर यांच्या मनात काय होतं ते ऐकलंत तर हसाल. तरुणपणी लष्करात असताना ते घोड्यावरून पडले आणि तोफगाड्याखाली येता येता वाचले. त्याच दिवशी दूर घरी बहिणीला अस्वस्थ वाटलं आणि तिने वडिलांना तार करायला लावली. एका मनातलं दुसऱ्या मनाला कसं कळतं, याचा छडा लावायचा म्हणून बर्गर मेंदूच्या विजेमागे लागले. तो छडा लागला नाही, हाती ई.ई.जी. मात्र आला. चुकीच्या प्रश्नातून उपयोगी उत्तर निघाल्याची उदाहरणं वैद्यकात पुष्कळ आहेत, पण हे माझ्या विशेष आवडीचं.

बर्गर यांनी निष्कर्ष छापले १९२९ मध्ये, आणि लोकांनी ते खरे मानायला आणखी पाच वर्षं घेतली. १९३४ मध्ये केंब्रिजच्या एडगर एड्रियन आणि ब्रायन मॅथ्यूज यांनी तोच प्रयोग करून दाखवला तेव्हा शंका फिटली. एड्रियन त्याआधीच नोबेल मिळालेले होते, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होतं. सेकंदाला दहाच्या आसपास हेलकावे घेणाऱ्या लहरींना बर्गर यांनी अल्फा म्हटलं, त्याहून जलद लहरींना बीटा. १९३८ मध्ये हर्बर्ट जॅस्पर आणि हॉवर्ड अँड्र्यूज यांनी सेकंदाला ३५ ते ४५ हेलकाव्यांच्या लहरींसाठी गॅमा हा शब्द वापरला. त्याच्याही वर काय आहे, हे पाहायची सोयच नव्हती. त्या काळची यंत्रं शाईच्या लेखण्यांनी सरकत्या कागदावर लिहीत. कागद सेकंदाला ३० मिलिमीटर सरकायचा. सेकंदाला १०० हेलकावे असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला मिलिमीटरचा तिसरा हिस्सासुद्धा येत नाही. उमटणार काय, तर शाईचा डाग.

त्यातच विजेचा त्रास. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते. ट्यूबलाइट, पंखा, भिंतीतली तार, सगळ्यांची गुणगुण त्या तारांमध्ये शिरते. वर कवटी. हाड आणि कातडी यांतून बाहेर येईपर्यंत मेंदूच्या जलद लहरी इतक्या क्षीण होतात की जबड्याच्या एका आवळण्यापुढे त्यांचा टिकाव लागत नाही. म्हणजे त्या लहरी गाळणाऱ्यांनी मूर्खपणा केला असं नाही. टाळूवरून पाहणाऱ्याला तो खरोखरच बहुतांशी कचरा होता.

खरी वाट उघडली ती कवटी उघडल्यावर. कॅनडात मॉन्ट्रिअलला वाइल्डर पेनफील्ड हे न्यूरोसर्जन फिटच्या रुग्णांवर जागेपणी शस्त्रक्रिया करत. मेंदूला स्वतःला वेदना होत नाही. टाळू बधिर केली की रुग्ण बोलत राहतो आणि सर्जन त्याला विचारत विचारत पुढे जातो. १९४९ मध्ये जॅस्पर आणि पेनफील्ड यांनी लिहिलं की मेंदूच्या उघड्या पृष्ठभागावर हाताच्या जागी एरवी बीटा लहरी चालू असतात. रुग्णाला मूठ आवळायला सांगितली की त्या थांबतात. आवळण्याची तयारी करतानाही त्या बदलत. हालचालीची खूण हालचालीआधी दिसते, याचा हा एक पहिला पुरावा. पेनफील्ड यांच्याकडे शिकलेले डॉ. जेकब चांडी त्याच वर्षी भारतात परतले आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात त्यांनी देशातला पहिला न्यूरोसर्जरी विभाग सुरू केला.

पुढचा टप्पा मजेदार आहे. जर्मनीतल्या फ्रायबुर्ग इथे १९६४ मध्ये हान्स हेल्मुट कॉर्नह्यूबर आणि त्यांचा विद्यार्थी ल्यूडर डेके यांना पाहायचं होतं की माणूस आपल्या मर्जीने बोट हलवतो त्याच्या आधी मेंदूत काय होतं. अडचण अशी, की बोट कधी हलणार हे यंत्राला आधी कळणार कसं? त्यांनी सगळं टेपवर भरलं आणि टेप उलटी वाजवली! बोट हलल्याच्या क्षणापासून मागे मागे जात शेकडो वेळच्या नोंदींची सरासरी काढली. बोट हलण्याच्या सेकंदभर आधीपासून एक संथ लाट चढत येताना दिसली. मग आपली इच्छा आपली असते की मेंदू आधीच ठरवून मोकळा होतो, यावर तत्त्वज्ञांनी ग्रंथ लिहिले. तो वाद मी इथे काढत नाही. आपल्या दृष्टीने मुद्दा इतकाच की त्या लाटेवरून काहीतरी हलणार हे कळे. अंगठा की करंगळी, हे सांगण्याइतकी ती नेमकी नव्हती.

तो नेमकेपणा १९९८ मध्ये सापडला. अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. नेथन क्रोन आणि त्यांचे सहकारी फिटच्या पाच रुग्णांच्या नोंदी संगणकावर तपासत होते. या रुग्णांच्या मेंदूच्या पृष्ठभागावर उपचारासाठीच इलेक्ट्रोडची जाळी ठेवलेली होती. मूठ आवळणं, जीभ बाहेर काढणं अशा हालचाली करायला सांगितल्या. बीटा लहरी मावळल्या, ते अपेक्षितच होतं. पण त्याच वेळी सेकंदाला ७५ ते १०० हेलकाव्यांच्या पट्ट्यात, ज्याला आता उच्च गॅमा म्हणतात, लहरींचा जोर वाढला. आणि तो सगळीकडे वाढला नाही. मूठ आवळली तर मुठीच्या जागी, जीभ काढली तर जिभेच्या जागी. बीटाचं मावळणं ऐसपैस पसरलेलं असे, उच्च गॅमाचं उसळणं मोजक्या जागेत.

असं का होत असावं? जिल्हा परिषदेची शाळा आठवा. वर्गात सगळी मुलं एका सुरात पाढे म्हणत असतात तेव्हा लांबूनही ताल ऐकू येतो, पण त्यातून काम काहीच होत नसतं. गुरुजींनी "चला, गणितं सोडवा" म्हटलं की तो एकसूर मोडतो. कुणी पाटी काढतो, कुणी बोटं मोजतो, कुणी शेजाऱ्याला विचारतो. ताल जातो आणि बारीक कलकल सुरू होते. ती कलकल म्हणजे काम चालू असल्याची खूण, आणि ती त्या वर्गाबाहेर फारशी ऐकू येत नाही. बीटा म्हणजे पाढे, उच्च गॅमा म्हणजे कलकल. म्हणूनच काही शास्त्रज्ञ म्हणतात की याला लहर म्हणणंही तितकंसं बरोबर नाही. हा ठरावीक तालाचा हेलकावा नसून असंख्य पेशींच्या धावपळीची बेरीज आहे. सध्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत असलेले सुप्रतीम रे यांनी जॉन्स हॉपकिन्समधल्या सहकाऱ्यांबरोबर माकडांवर केलेलं काम २००८ मध्ये प्रसिद्ध झालं. ६० ते २०० हेलकाव्यांच्या पट्ट्यातला जोर आणि जवळच्या पेशींचं एकत्र कामाला लागणं यांचा घट्ट संबंध त्यात दिसला.

एकदा खूण सापडल्यावर तिच्यावरून अंदाज बांधायला वेळ लागला नाही. २००४ मध्ये एरिक ल्यूटहार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिटच्या चार रुग्णांना अशा जाळीवरून येणाऱ्या लहरींनी संगणकाच्या पडद्यावरचा ठिपका हलवायला शिकवलं. सराव किती लागला? ३ ते २४ मिनिटं. निशाणा साधण्याचं प्रमाण ७४ ते १०० टक्के. जॉयस्टिक कोणत्या दिशेला जाणार याची माहिती सेकंदाला १८० हेलकाव्यांपर्यंतच्या लहरींत मिळाली. आम्ही ७० ला कात्री लावत होतो, हे लक्षात घ्या.

त्याच वर्षी ड्यूक विद्यापीठातून आणखी एक निबंध आला आणि त्याचे पहिले लेखक होते पराग पाटील. हे आडनाव आपल्याला घरचं वाटावं असंच. त्यांनी मेंदूच्या पृष्ठभागावरून नव्हे तर खोलवरून नोंदी घेतल्या. कंपवाताच्या शस्त्रक्रियेत जागे असलेल्या ११ रुग्णांनी मूठ दाबून चालवायचा एक खेळ खेळला आणि खोलवरच्या पेशींच्या नोंदींवरून त्यांच्या मुठीच्या दाबाचा अंदाज बांधता आला. मुंबईचा धागाही यात आहे. पवईच्या आय.आय.टी.तून १९७४ मध्ये पदवी घेतलेले नितीश ठाकोर पुढे जॉन्स हॉपकिन्समध्ये प्राध्यापक झाले. मेंदूच्या पृष्ठभागावरच्या नोंदींवरून बोटांची स्थिती ओळखण्याचं काम त्यांच्या गटाने क्रोन यांच्याबरोबर २०१० मध्ये प्रसिद्ध केलं. २०१६ मध्ये याच मंडळींनी एका फिटच्या रुग्णाच्या मेंदूवर १२८ इलेक्ट्रोडची दाट जाळी असताना त्याला शेजारचा यांत्रिक हात जोडून दिला. त्याने आपलं एकेक बोट हलवायचं आणि यंत्राने तेच बोट हलवायचं. यंत्र ७६ टक्के वेळा बरोबर ठरलं. करंगळी आणि अनामिका एकत्र धरल्या तर ८८ टक्के. आपल्यालाही करंगळी एकटी वाकवताना अनामिका ओढली जातेच, करून पाहा.

इथे 'अंदाज' या शब्दाचा घोटाळा होऊ देऊ नका. संगणक मन वाचत नाही. आधी रुग्णाला सांगतात, अंगठा हलवा. पुन्हा हलवा. पुष्कळदा हलवा. प्रत्येक वेळी जाळीवर कुठे कलकल वाढली ते संगणक लक्षात ठेवतो. मग नवी नोंद आली की ती जुन्या कोणत्या नोंदीशी जुळते ते पाहतो. शिवाय ही कलकल हालचालीच्या सेकंदाच्या काही अंशच आधी वाढते. तुम्ही उद्या काय करणार, मनात कुणाबद्दल काय आहे, हे त्यातून कळत नाही.

या सगळ्या इतिहासात मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात ते फिटचे रुग्ण. औषधांनी फिट थांबत नाहीत, तेव्हा फिट मेंदूच्या नेमक्या कुठल्या भागातून सुरू होते ते शोधून तो भाग काढता येतो का, हे पाहतात. त्यासाठी काही जणांची कवटी उघडून जाळी ठेवावी लागते आणि रुग्ण साधारण आठवडाभर डोक्याला बँडेज बांधून फिट येण्याची वाट पाहत खाटेवर पडून असतो. जाळी त्याच्याच उपचारासाठी असते, संशोधनासाठी कुणाची कवटी उघडत नाहीत. पण त्या कंटाळवाण्या दिवसांत कुणी येऊन विचारतं, तासभर मूठ आवळण्याचा खेळ खेळाल का? त्यातून त्या रुग्णाला स्वतःला काहीच मिळणार नसतं. तरी ते हो म्हणाले. त्यांची नावं छापली गेली नाहीत, निबंधात ते 'रुग्ण १', 'रुग्ण २' एवढेच आहेत.

त्यांच्यामुळे पुढे काय झालं? २०१९ मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथे, मानेखाली लुळ्या झालेल्या एका तरुणाने कवटीखाली बसवलेल्या उपकरणाने यांत्रिक सांगाडा चालवला. २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एडवर्ड चँग यांच्या गटाने, झटक्यामुळे १५ पेक्षा जास्त वर्षं बोलू न शकलेल्या माणसाचे शब्द मेंदूच्या उच्च गॅमावरून पडद्यावर उमटवले. ५० शब्दांचा संग्रह, मिनिटाला साधारण १५ शब्द. इतकी वर्षं वाचा गेली होती तरी बोलण्याचा हुकूम मेंदूत शाबूत होता! आणि २०२३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे, २०११ मध्ये सायकल अपघातात मणका दुखावलेल्या नेदरलँड्सच्या एका गृहस्थाच्या मेंदूवरून हुकूम टिपून तो थेट कमरेजवळच्या मज्जारज्जूला विजेच्या रूपाने दिला गेला. फुटलेल्या पाइपला वळसा घालून नवा पाइप टाकावा तसं. ते कुबड्या घेऊन चालले. त्यांच्या मज्जारज्जूचे काही धागे शिल्लक होते आणि आधीही त्यांच्यावर वर्षानुवर्षं उपचार झाले होते, हे बातमीच्या शेवटी बारीक अक्षरात असतं.

म्हणजे "पाय का ऐकंना" याचं उत्तर मिळालं, पण उपाय अजून बाजारात नाही. हे सगळे मोजक्या माणसांवरचे प्रयोग आहेत. कवटीची शस्त्रक्रिया, जंतुसंसर्गाची भीती, इलेक्ट्रोडभोवती कालांतराने धरणारी जाड पापुद्र्यासारखी ऊती, बॅटरी, रोज सोबत लागणारे तंत्रज्ञ, हे सगळं त्यात आलं. तुम्ही मोबाइलवर ज्या मस्क यांच्या चिपबद्दल वाचता ती २०२४ मध्ये पहिल्यांदा माणसात बसवली. तिचा मार्ग थोडा वेगळा, ती बारीक धागे मेंदूच्या आत खुपसून सुट्या पेशींची वीज ऐकते. तीही अजून प्रयोगातच आहे.

लकव्याच्या रुग्णांच्या घरच्यांनी आणखी एक फरक समजून घ्यावा. मणका मोडला तर हुकूम देणारी पट्टी शाबूत असते. झटक्यात मात्र ती पट्टीच गेलेली असू शकते, किंवा तिच्या खालचा रस्ता तुटलेला असू शकतो, आणि दोन्हींत फार फरक आहे. सी.टी. किंवा एम.आर.आय.चा अहवाल घेऊन तुमच्या डॉक्टरांना हे विचारा. झटक्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत फिजिओथेरपीने जितका हात सुधारतो तितका पुढे सहसा सुधारत नाही, आणि नेमके तेच महिने लोक मालिश आणि गावठी औषधांत घालवतात. मणक्याच्या रुग्णाला दर दोन तासांनी कूस बदलून देणं आणि लघवीची नळी स्वच्छ ठेवणं, यावर त्याचं आयुष्य अवलंबून असतं. उद्या खरंच एखादं उपकरण आलं तरी ते ज्याच्या पाठीला जखमा नाहीत आणि मूत्रपिंडं चांगली आहेत, त्यालाच बसवता येईल.

आणि मेंदूच्या लहरींनी लकवा बरा करणारी टोपी कुणी विकायला आणली, तर जमिनीचा तुकडा विकण्याआधी एक करा. ती टोपी डोक्यावर घाला, पडद्याकडे बघा आणि दात करकचून आवळा. आकडा उडी मारून वर गेला तर ती टोपी काय मोजते आहे ते तुम्हाला आता माहीत आहे.

फिटच्या रुग्णांसाठी एवढंच: योग्य निवडलेली दोन औषधं पुरेशा मात्रेत घेऊनही फिट येतच असतील, तर वर्षानुवर्षं तिसरं-चौथं औषध बदलत बसू नका. शस्त्रक्रियेचा उपयोग होईल का, याची तपासणी मुंबईत होते, तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेतही १९९५ पासून होते. जाळी ठेवण्याची गरज त्यातल्या थोड्यांनाच पडते. जाताना जुने सगळे अहवाल आणि जमल्यास फिट येतानाचा मोबाइलवरचा व्हिडिओ सोबत घ्या, त्याचा डॉक्टरांना फार उपयोग होतो.